न दिसणाऱ्या दुखण्याची पेन्शन

सातारा तालुक्यातल्या आपशिंगे गावाला सगळा मुलूख ‘मिलिटरी आपशिंगे’ म्हणून ओळखतो. पहिल्या महायुद्धात या एका गावचे 46 जवान कामी आले आणि इंग्रज सरकारने त्यांच्या आठवणीसाठी गावात स्मारक उभारले. सांगली जिल्हा तेव्हा वेगळा नव्हता; 1949 मध्ये ‘दक्षिण सातारा’ निघाला आणि 1960 मध्ये त्याला सांगलीचे नाव मिळाले. माण-खटावपासून आटपाडी-जतपर्यंतच्या दुष्काळी पट्ट्यात पावसाने दगा दिला तरी पलटणीचा पगार येतो, या हिशोबावर कितीतरी घरे तगली.

युद्धात पडलेल्यांची मोजदाद झाली. हात-पाय गमावून परतलेल्यांचीही झाली. पण अंगावर एकही वण नसताना ज्यांना नांगर धरवेना, रात्र-रात्र झोप येईना आणि झोपून उठले तरी शिणवटा जाईना, त्यांच्यासाठी कोणत्याच रजिस्टरमध्ये रकाना नव्हता. आज अशा दुखण्यांना फायब्रोमायल्जिया आणि क्रॉनिक फटीग सिंड्रोम अशी नावे आहेत. रकान्याचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही.

डिसेंबर 1915 ते एप्रिल 1916 या काळात मेसोपोटेमियातल्या कुत-अल-अमारा इथे ब्रिटिश जनरल टाऊनशेंडची फौज तुर्कांच्या वेढ्यात अडकली. 103, 110 आणि 117 या तीन मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या. भाजीपाला संपला. घोड्याचे मांस खायला हिंदी शिपाई बरेच दिवस तयार नव्हते, आणि स्कर्व्हीने त्यांच्या हिरड्या सुजल्या, सांधे धरले. 29 एप्रिलला शरणागती झाली, मग वाळवंटातली पायपीट आणि कैद. त्यातून जगले-वाचले ते 1918 नंतर घरी आले. त्यांच्या शरीरात पुढे काय उरले, याची तपासणी कुणी केली नाही.

त्यातच संशयाची सवय होती. 1915 मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर हिंदी शिपाई स्वतःच स्वतःला जखमा करून घेतात, अशी कुजबूज साहेबलोकांत सुरू झाली. ब्रायटनच्या किचनर इंडियन हॉस्पिटलचे प्रमुख कर्नल ब्रूस सेटन यांनी 1,000 जखमा तपासल्या आणि या संशयाला आधार नसल्याचा अहवाल दिला. वाहत्या जखमेलाही पुरावा द्यावा लागत होता, तिथे नुसत्या ‘अंग दुखतंय’वर कोण विश्वास ठेवणार?

दिसणाऱ्या जखमेसाठी मात्र व्यवस्था हळूहळू उभी राहिली. 1917 मध्ये मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या पत्नीने युद्धात अपंग झालेल्या सैनिकांना हातकाम शिकवणारी क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल ही संस्था सुरू केली. पुढे ती खडकीला आली आणि आजही चालू आहे. 1919 मध्ये इंडियन सोल्जर्स बोर्ड स्थापन झाले. आजची केंद्रीय, राज्य आणि जिल्हा सैनिक मंडळे त्याच मुळातून फुटली.

या व्यवस्थेचे चांगले रूप बघायचे तर सांगली जिल्ह्यातच, वाळवा तालुक्यातल्या पेठ गावी जावे लागते. मुरलीकांत पेटकर या गावचे. लहानपणी कुस्तीचा नाद, मग सैन्यात ईएमई कोअर, तिथे बॉक्सिंग. 1965 च्या युद्धात त्यांच्या अंगात गोळ्या घुसल्या, मणक्याला इजा झाली आणि कमरेखालचे शरीर निकामी झाले. उपचाराचा भाग म्हणून त्यांना पोहायला लावले आणि 1972 च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइल त्यांनी 37.33 सेकंदांत पोहून जिंकली. पॅरालिम्पिकमधले भारताचे हे पहिले सुवर्णपदक. पद्मश्री मिळाली 2018 मध्ये, म्हणजे 46 वर्षांनी. ज्याची जखम एक्स-रेवर दिसते आणि ज्याच्या गळ्यात सुवर्णपदक आहे, त्याची दखल घ्यायला देशाला इतका वेळ लागला. मग त्याच मातीतल्या, त्याच सैन्यातल्या, पण एक्स-रे स्वच्छ निघणाऱ्या जवानाने कुणाच्या तोंडाकडे बघायचे?

फायब्रोमायल्जियाच्या रुग्णाचे रक्त तपासा, फोटो काढा, सगळे ‘नॉर्मल’ येते. 1990 मध्ये अमेरिकन रूमॅटॉलॉजी संघटनेने निदानाची जी कसोटी ठरवली, ती डॉक्टरच्या अंगठ्यावर चालायची. मान, खांदे, छाती, कोपर, कंबर, गुडघे अशा ठिकाणचे 18 बिंदू अंगठ्याने साधारण चार किलोच्या जोराने, म्हणजे डॉक्टरच्या नखाचा रंग पांढरा पडेपर्यंत, दाबायचे. त्यातले 11 दुखले आणि सर्वांगाचे दुखणे तीन महिन्यांहून जुने असले की निदान पक्के. 2010 च्या कसोटीत बिंदू मोजणे गेले. दुखण्याचा पसारा, थकवा, झोप आणि विसराळूपणा यांना गुण देण्याची पद्धत आली. दोन्ही पद्धतींत रुग्णाचा शब्द हाच पुरावा. शिवाय क्रॉनिक फटीगमध्ये थोडे श्रम केले तरी माणूस पुढचे कित्येक दिवस अंथरुणाला खिळतो.

ही दुखणी नवी नाहीत, नावे बदलत गेली. इंग्रज डॉक्टर गॉवर्स यांनी 1904 मध्ये ‘फायब्रोसायटिस’ म्हटले. पहिल्या महायुद्धात थकलेल्या, छाती धडधडणाऱ्या शिपायांना थॉमस लुईस यांनी ‘एफर्ट सिंड्रोम’चे निदान दिले. ‘फायब्रोमायल्जिया’ 1976 चे, ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ 1988 चे. आपल्याकडेही याचा माग निघाला आहे. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांनी 1996 पासून गावकऱ्यांच्या सांधे-स्नायूंच्या दुखण्यांची घरोघर पाहणी केली. जवळपास 18 टक्के प्रौढांना असे काही ना काही दुखणे होते. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या गोव्यातल्या पाहणीत सुमारे 12 टक्के स्त्रियांनी सहा महिन्यांहून जुन्या थकव्याची तक्रार सांगितली. ‘हे अमेरिकेतल्या लोकांचे आजार’ असे म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे लक्षात ठेवावेत.

अमेरिकेत या प्रश्नाला वाचा फुटली ती 1990-91 च्या आखाती युद्धानंतर. परतलेल्या हजारो सैनिकांना सर्वांगदुखी आणि थकवा होता, निदान होत नव्हते. 1994 मध्ये निदान न झालेल्या आजारालाही भरपाई देणारा कायदा झाला आणि 2001 मध्ये फायब्रोमायल्जिया व क्रॉनिक फटीग ही नावे कायद्यात आली. सैनिक त्या भागात होता आणि त्याला हा आजार आहे, एवढे पुरे. संबंध त्याने सिद्ध करायचा नाही.

भारतात अशी यादी नाही. पण तत्त्व होते, आणि तेही जुने. लष्कराच्या 1961 च्या पेन्शन नियमावलीतील नियम 173 सांगत असे की, दुखणे सेवेमुळे झालेले किंवा सेवेने वाढलेले असावे आणि अपंगत्व किमान 20 टक्के असावे. 1982 च्या नियमांनी पुढचे पाऊल टाकले: भरतीच्या वेळी ज्या आजाराची नोंद नाही, तो सेवेतच उद्भवला असे धरावे, सिद्ध करण्याचा बोजा जवानावर टाकू नये, शंकेचा फायदा त्यालाच द्यावा. भरतीच्या दिवशी छाती-उंची मोजून, धावायला लावून ज्याला ‘फिट’ म्हणून घेतले, त्याच्या बाबतीत हाच न्याय आहे.

प्रत्यक्षात काय होत होते, ते धरमवीर सिंग यांच्या खटल्यात दिसते. 1985 मध्ये सिग्नल कोअरमध्ये भरती, 1994 मध्ये फिट्स येतात म्हणून घरी. मेडिकल बोर्डाने अपंगत्व 20 टक्के धरले आणि दुखणे ‘कॉन्स्टिट्यूशनल’, म्हणजे मुळातच अंगात होते, सेवेशी संबंध नाही, असा शेरा मारला. कारण दिले नाही. 2 जुलै 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पेन्शन देण्याचा आदेश दिला आणि भरतीत हा आजार का दिसला नाही, याची कारणे बोर्डाने लिहायलाच हवीत, असे बजावले. हा निकाल सोप्या मराठीत छापून सातारा-सांगली या दोन्ही जिल्ह्यांतल्या प्रत्येक माजी सैनिक संघटनेच्या भिंतीवर लावण्याजोगा आहे. पुढच्याच वर्षी, डिसेंबर 2014 मध्ये, राम अवतार प्रकरणात 50 च्या आतले अपंगत्व 50 टक्के धरण्याचा लाभ सरसकट झाला. 100 टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के, म्हणजे 50 टक्क्यांना 15 टक्के रक्कम दरमहा मिळते. कोरडवाहू शिवार असलेल्या घराला ही रक्कम थोडी नाही.

न्यायालय दार उघडत असताना नियम ते लोटत होते. 2008 च्या नियमांत, आजार सेवेत असताना दिसला एवढ्यानेच तो सेवेमुळे झाला असे ठरत नाही, हे कलम आले. 21 सप्टेंबर 2023 पासून आणखी नवे नियम लागू झाले. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांतही या दोन दुखण्यांची नावे नाहीत.

लष्करात जवानाची प्रकृती ‘शेप’ या इंग्रजी शब्दाच्या पाच अक्षरांत मोजतात: मन, कान, हात-पाय, शरीर, डोळे. फायब्रोमायल्जिया मन आणि शरीर यांच्या मधोमध पडतो. त्याला ‘मना’त ढकलले की जवान लाजतो आणि गप्प बसतो, ‘शरीरा’त धरायचे तर रिपोर्ट स्वच्छ. म्हणून या आजाराच्या दाव्यात सगळ्यात मोठा आधार राहतो तो तारखांचा. सियाचीनहून उतरल्यावर दुखणे सुरू झाले असेल तर त्या महिन्यात एमआय रूमच्या, म्हणजे पलटणीच्या दवाखान्याच्या, वहीत ते लिहिलेले हवे. ‘किरकोळ दुखण्याला सिक रिपोर्ट कशाला’ ही मर्दुमकीची सवय जवानाला पुढे फार महागात पडते.

सेवेत असणाऱ्यांनी प्रत्येक तक्रार लिहून घ्यावी आणि निघताना मेडिकल बोर्डाच्या कागदांची प्रत मागावी. दावा नाकारला तर सहा महिन्यांत पहिले अपील, मग दुसरे, आणि त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ, असा रस्ता आहे. साताऱ्यात आणि सांगलीत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आहेत, तिथे आधी विचारावे. वर्षे उलटली म्हणून आशा सोडू नये: तरसेम सिंग यांना 1983 मध्ये घरी पाठवले होते, ते न्यायालयात गेले 1999 मध्ये. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उशीर झाला म्हणून त्यांचा हक्क बुडवला नाही, थकबाकी मात्र दावा लावण्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच दिली. तेव्हा घरात वडिलांचे डिस्चार्ज बुक असेल, आणि त्यावर दुखण्याचा उल्लेख असेल, तर ते या आठवड्यातच त्या कार्यालयात नेऊन दाखवावे.