मीटरवर एक लाख अडतीस हजार

मे महिन्यात मी गाडी घेतली. जुनी. मीटरवर १,३८,००० किलोमीटर. आईचा पहिला प्रश्न : "एवढी पळालेली गाडी घेतं का रे कुणी?" साठवलेले सगळे पैसे त्यात गेले होते, त्यामुळे त्या रात्री झोप काही लागली नाही. दुसऱ्या दिवशी गाडी कुर्ल्याच्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींकडे नेली. यांचं तारुण्य टॅक्सींच्या खाली आडवं पडून गेलेलं. त्यांनी मीटरकडे बघितलंसुद्धा नाही. डिपस्टिक काढली, ऑइल दोन बोटांत चोळून पाहिलं आणि विचारलं, "आधीच्या मालकाची वही आहे?"

वही नव्हती.

त्यांना हाच प्रश्न आधी का सुचला, हे समजायला साठ वर्षं मागे जावं लागतं. १९६४ पासून कुर्ल्यातच, प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात, फियाट ११०० डिलाइट बनू लागली. सत्तरच्या दशकात तिचीच 'प्रीमियर पद्मिनी' झाली. १०८९ सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ. तेव्हा नवी गाडी हवी तर नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. त्यामुळे वापरलेली गाडी घेण्यात कमीपणा नव्हता. लगेच हातात मिळते म्हणून कधी कधी ती नव्या गाडीपेक्षा महागही जायची!

आणि मीटर? त्या काळच्या बहुतेक गाड्यांच्या मीटरला पाचच आकडे. ९९,९९९ झाले की पुन्हा शून्य. टॅक्सी तर दोन पाळ्यांत पळायची, दिवसा एक ड्रायव्हर, रात्री दुसरा. मीटरने कितवी फेरी घातली ते कोण मोजणार? म्हणून लोक आकड्यावर विश्वास ठेवतच नसत. धूर कोणत्या रंगाचा, ऑइल किती पिते, चढावर दम लागतो का, हे बघायचे.

दम लागला म्हणून गाडी भंगारात जात नव्हती. पिस्टन वर्षानुवर्षं घासून सिलिंडरचा गोल आकार अंडाकृती होतो, फटीतून ऑइल वर चढतं आणि मागे निळा धूर निघतो. मग इंजिन उतरवायचं. लेथवाला सिलिंडर किंचित मोठा करून पुन्हा गोल करायचा आणि त्यात मापाने मोठा पिस्टन बसायचा. याला गॅरेजच्या भाषेत 'बोअर करणे' म्हणतात. पुढच्या वेळी अजून एक माप मोठं. क्रँकचं उलट : तो घासून बारीक करायचा, बेअरिंग जाड घालायचं. एकाच इंजिनाला असे दोनतीन जन्म सहज मिळत. पद्मिनीचं उत्पादन २००० च्या आसपास थांबलं तरी टॅक्सी धावत राहिल्या त्या या लेथवाल्यांच्या आणि जुन्या पार्टच्या बाजारांच्या जिवावर. शेवटी त्यांना रस्त्यावरून उतरवलं ते कॅलेंडरने. मुंबईत टॅक्सीची वयोमर्यादा २० वर्षं. २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदलेली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये बाद झाली. कितीही नीट सांभाळली असती तरी काही फरक पडला नसता. मला हे जरा अन्यायाचंच वाटतं. प्रदूषणाचा मुद्दा पटतो, तरीही.

माझ्या गाडीला मात्र दुसरा जन्म तसा सोपा नाही. आजच्या इंजिनाला सहसा कुणी बोअर करत बसत नाही, तो खर्च गाडीच्या किमतीला परवडत नाही. म्हणजे आधीच सांभाळणं आलं. मेस्त्रींचा नियम सरळ आहे : वहीत नाही ते झालेलं नाही. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल त्यांनी एकाच दिवशी बदललं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, त्यामुळे गाडी उभी असली तरी ते खराब होतं. टायरच्या कडेला चार आकडे असतात, त्यांतले शेवटचे दोन बनल्याचं वर्ष सांगतात. माझ्या टायरची नक्षी शाबूत होती, पण वय नऊ. तेही गेले.

सगळ्यात जास्त वेळ त्यांनी टायमिंग बेल्टला दिला. रबरच तो. माझ्यासारख्या इंजिनात तो तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिनच संपतं. बेल्ट उघडून दाखवला तेव्हा आतल्या बाजूला तीन दात भेगाळलेले दिसले. मी आदल्याच दिवशी त्याच बेल्टवर आईला हायवेवरून फिरवून आणलं होतं.

एकूण बिल माझ्या महिन्याच्या पगाराच्या जवळपास गेलं. पैसे दिल्यावर त्यांनी ड्रॉवरमधून दोनशे पानी वही काढली, पहिल्या पानावर तारीख टाकली, खाली १,३८,०४६ लिहिलं आणि पेन माझ्याकडे दिलं. "पुढचं तुम्ही लिहायचं."