दुखत न्हाय

तात्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापला, त्या क्षणापासून मागं मोजत हे तास लिहितोय. तात्या माझे चुलते. साखर १४ वर्षांची, वारी त्याहून जुनी.

९४ तास आधी. सदाशिवनगरचं रिंगण. गर्दीत एक चप्पल गेली. दुसरी पिशवीत टाकून तात्या तापलेल्या डांबरावरून माळशिरसपर्यंत अनवाणी चालत आले.

८८ तास. माळशिरसचा तळ. मी भेटायला गेलो, तेव्हा ते पाय धूत होते. अंगठ्यामागच्या जुन्या घट्ट्यावर रुपयाएवढा फोड.
“दुखतंय व्हय?”
“न्हाय रं. काय कळतच न्हाय.”
मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची मला आजही भीती वाटते.

वाढलेली साखर नसा पोखरते, आणि लांब नसा आधी जातात, म्हणून सुरुवात पायापासून होते. घाम आटतो, कातडी भेगाळते. पायाचे बारीक स्नायू दुबळे होतात, बोटं वाकडी होतात आणि सगळा भार चवड्याच्या एकाच जागी येतो. तिथं घट्टा धरतो, घट्ट्याखाली जखम होते. डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला कुष्ठरुग्णांच्या पायांत हेच पाहिलं होतं: पाय झडतो तो वेदना नसल्यामुळे, कारण माणूस त्याच जखमेवर चालत राहतो. आपण लंगडतो तेव्हा पाय वाचवत असतो. तात्या लंगडले नाहीत. १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवायचा आणि कळतंय का विचारायचं, एवढी ती तपासणी. १४ वर्षांत ती एकदाही झाली नव्हती. रक्त मात्र दर तीन महिन्यांनी तपासलं जायचं.

७९ तास. पहाटे कुणीतरी टाचणीनं फोड फोडला. हळद, वर चिंधी. खुडूस फाट्याच्या रिंगणात तात्या धावलेसुद्धा.

५४ तास. वेळापूर. चिंधी ओली, वास येतोय. अंगात कसर. तरी चाल सुरूच.

३८ तास. भंडीशेगावहून रात्री दहाला फोन. “जरा कणकण हाय.” मी म्हणालो, “तापाची गोळी घ्या, सकाळी बघू.” पाय कसा आहे, हे विचारायचं मला सुचलं नाही. जंतू तळव्यातून स्नायुबंधांच्या वाटेनं वर चढत होते. अशा वेळी जंतूंमुळे साखर भडकते आणि भडकलेल्या साखरेपुढं पांढऱ्या पेशी लुळ्या पडतात. ती रात्र मी झोपून काढली.

२६ तास. जीप करून तात्यांना माळशिरसला आणलं. चिंधी सोडली. चवड्याला काळा डाग, लाली घोट्याच्या वर, दाबलं की कातडीखाली कुरकुर. डॉक्टरांनी एक मिनिट घालवलं नाही. सलाइन लावून थेट सोलापूर.

१९ तास. पू काढायला पाय चिरला. आत फार काही उरलं नव्हतं.

६ तास. सर्जन म्हणाले, पाय ठेवला तर माणूस राहणार नाही. मधुमेहात कापाव्या लागणाऱ्या पायांपैकी ८५ टक्क्यांच्या आसपास पायांची सुरुवात साध्या जखमेनं झालेली असते. सही मी केली.

शून्य. दुपारचे बारा. दिंडी वाखरीहून पंढरपूरच्या वाटेला लागली होती.

संध्याकाळी काकूंनी पांघरूण सारलं, तात्यांचा डावा पाय मांडीवर घेतला आणि अंगठ्यामागच्या घट्ट्यावर बोट दाबलं.
“हितं कळतंय का?”
“काय?” तात्यांनी विचारलं.