बालीचा डोंगर, भंडाऱ्याचा तलाव: पाण्याचं वेळापत्रक कोण ठरवतं?

आजचा भाग इंडोनेशियातल्या डोंगरावर सुरू होतो आणि भंडाऱ्यातल्या धानाच्या बांधीत येऊन थांबतो. मी सॉफ्टवेअरवाला, गाव आंधळगाव, तालुका मोहाडी. आमचं गाव ओळखलं जातं कोशाच्या कापडासाठी, पण गावाबाहेर पडलं की सगळीकडे धानच. त्यामुळे बालीतल्या धानशेतीवर कुणीतरी कॉम्प्युटर मॉडेल बनवलं होतं हे वाचलं, तेव्हा मी थांबलोच.

बाली म्हटलं की आपल्याला झोक्यावरच्या रील्स आठवतात. जरा वर चढा. बेटाच्या डोंगरात बाटूर नावाचा ज्वालामुखी आहे आणि त्याच्या जुन्या मुखात एक मोठं तळं. आसपासच्या डोंगरातून झिरपणारं पाणी खोल दऱ्यांतून खाली वाहतं. शेतकऱ्यांनी त्या दऱ्यांत छोटे बंधारे घातले, खडकातून बोगदे खोदले आणि उतारावरच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतात पाणी नेलं. एकाच पाटावरच्या शेतकऱ्यांची जी संघटना, तिला म्हणतात सुबाक. अकराव्या शतकातल्या लेखांतही तिचा उल्लेख सापडतो. प्रत्येक सुबाकचं आपलं देऊळ, सगळ्यांच्या वर तळ्याकाठचं मोठं देऊळ. पेरणी कधी, कुणाच्या शेतात पाणी आधी, जमीन कधी पडीक ठेवायची, हे तिथं बसून ठरायचं.

आता प्रश्न असा, की वरच्या शेतकऱ्यानं खालच्याला पाणी सोडावंच कशाला? पाणी तर आधी त्याच्याच दारात येतं. पण खालच्यांकडेही एक हत्यार आहे: किडे. वरचे आणि खालचे वेगवेगळ्या वेळी पेरायला लागले, तर तुडतुड्यांना वर्षभर कुठे ना कुठे हिरवा धान मिळतो. सगळ्यांनी एकदम कापणी केली आणि शेतं एकदम रिकामी ठेवली, की किडे उपाशी मरतात. म्हणून वरचाही पाणी वाटायला तयार होतो. धर्मादाय नाही, सरळ हिशेब आहे.

१९७० च्या दशकात हरित क्रांती आली. सरकारचा आदेश: नवीन वाण लावा, जमेल तितक्या वेळा लावा, देवळाचं कॅलेंडर विसरा. सुरुवातीला पीक वाढलं. मग तुडतुडे आले, टुंग्रो नावाचा विषाणू आला, फवारणी वाढली आणि पाण्यावरून ओढाताण सुरू झाली. शेवटी शेतकरीच पुन्हा देवळाच्या वेळापत्रकाकडे वळायला लागले.

स्टीफन लान्सिंग नावाचा मानववंशशास्त्रज्ञ तेव्हा तिथं काम करत होता. त्यानं जेम्स क्रेमर या पर्यावरणशास्त्रज्ञासोबत ओस आणि पेतानू या दोन नद्यांवरच्या १७२ सुबाकांचं मॉडेल बनवलं. प्रत्येक सुबाक मनाला येईल तेव्हा पेरतो असं गृहीत धरलं, तर किडे पीक खातात. सगळे एकाच दिवशी पेरतात असं धरलं, तर पाणी पुरत नाही. सर्वांत चांगलं उत्पन्न मधल्या पातळीवर आलं, आणि ती पातळी साधारण देवळांच्या जुन्या जाळ्याएवढीच निघाली. माझ्या धंद्यातल्या लोकांना हे ऐकून गंमत वाटेल: सेंट्रल सर्व्हर नाही, पण सिंक आहे. २०१२ मध्ये युनेस्कोनं हा सगळा परिसर जागतिक वारसा म्हणून घोषित केला.

आता आपल्याकडे या. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, म्हणजे झाडीपट्टी. इथं डोंगरउतारावरच्या पायऱ्या नाहीत, आहेत ते तलाव. पूर्व विदर्भात साडेसहा हजारांहून जास्त मामा तलाव मोजले गेलेत. मामा म्हणजे कुणाचा मामा नाही बरं, माजी मालगुजारी. यातले कितीतरी कोहळी समाजाच्या लोकांनी बांधले. गोंड राजांनी त्यांना इथं वसवलं, जंगल साफ करून तलाव बांधणाऱ्याला त्याखालची जमीन दिली, असं परंपरा सांगते. नवेगावबांधचा प्रचंड तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावावर सांगितला जातो.

धानवाल्याला तलाव कशासाठी लागतो, हे शहरातल्या मित्रांना सांगायला हवं. जूनमध्ये पऱ्हे टाकले, जुलैत रोवणी झाली, तोवर पावसाचं पाणी चालतं. खरी परीक्षा सप्टेंबर-ऑक्टोबरात. भारी धान गर्भावर येतो आणि नेमका तेव्हा पाऊस दडी मारतो. त्या पंधरा दिवसांत एक-दोन पाणी मिळालं तर पीक, नाही तर तणीस. तलावाचं तुडुम, म्हणजे पाळीतून पाणी सोडायची जागा, त्या दिवसांत कोण उघडतं आणि कुणाची बांधी आधी भरते, यावर घराचं वर्ष ठरतं.

हे ठरवायचा मालगुजार. १८६० च्या दशकात इंग्रजांनी त्याला गावाचा मालकी हक्क दिला. तो काही देवमाणूस नव्हता. लगान वसूल करायचा, बेगार करून घ्यायचा, आणि पाळीवर माती टाकणारे हातही बहुतेक फुकटचेच. जुनं सगळं छान होतं असं म्हणणाऱ्यांशी माझं इथं पटत नाही. पण पाळ दुरुस्त ठेवणं हे त्याच्याही फायद्याचं होतं, कारण गाळ साचला तर धान कमी आणि धान कमी तर लगान कमी.

भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. मालकी हक्क निर्मूलनाचा १९५० चा कायदा ३१ मार्च १९५१ ला लागू झाला आणि तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी जाणं न्यायाचंच होतं. अडचण वेगळीच झाली. बालीत वरून आलेला आदेश चुकला, तेव्हा परत जायला देऊळ जागेवर होतं. आपल्याकडे हुकूमशहा गेला आणि त्याच्याबरोबर तलाव सांभाळणारी एकमेव व्यवस्थाही गेली. तिच्या जागी गावाची व्यवस्था कुणी बसवलीच नाही. पुढे १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या, छोटे तलाव त्यांच्याकडे गेले. गाळ साचत राहिला, पोटात अतिक्रमणं झाली, काठावर बेशरमाची झाडं माजली.

मग मोठ्या धरणाकडे डोळे लागले. २२ एप्रिल १९८८ ला पवनीजवळ वैनगंगेवर गोसीखुर्दची पायाभरणी झाली. अंदाज होता ३७२ कोटींचा. पुढे खर्च हजारो कोटींवर गेला आणि कालव्यांचं काम दशकानुदशकं रखडलं. कालव्याचं गेट उघडायचं गावात बसून थोडंच ठरतं?

मला आशा वाटते ती धीवरांच्या कामामुळे. तलावातली मासेमारी त्यांच्या सहकारी संस्थांकडे असते. अर्जुनी मोरगाव भागात मनीष राजनकर आणि त्यांच्या सोबत्यांनी धीवर समाजाचं पारंपरिक ज्ञान नोंदवलं. मग तिथल्या लोकांनी, त्यात बायका पुढे, बेशरम उपटलं, तलावात देशी पाणवनस्पती लावल्या, आणि देशी मासे परत यायला लागले. कायदाही आहे. वनहक्क कायदा २००६ पाणवठ्यांतल्या मासळीवरचा सामूहिक हक्क मान्य करतो, आणि सिंचनाचा २००५ चा कायदा शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांना पाणी वाटायचा अधिकार देतो. पण बैठकीला बसायला माणसं हवीत. माझ्या वयाचे निम्मे पुण्या-नागपुरात, उरलेले रोवणीपुरते गावात. बालीतही तेच चाललंय: पोरं हॉटेलात कामाला, आणि शेतं व्हिलांना विकली जातायत.

तुमच्या गावात मामा तलाव असेल, तर दोन गोष्टी विचारून मला व्हॉइस नोट पाठवा. तुडुम सध्या कोण उघडतं? आणि गर्भावरच्या धानाला पाणी कमी पडलं, तर आधी कुणाच्या बांधीत जातं? आलेली उत्तरं दिवाळीनंतरच्या भागात ऐकवतो. पुढच्या वेळी आमच्या गावचा कोसा: ऐनाच्या झाडावरची अळी ते करवतकाठी साडी.