साहाय्यक बिट
साहाय्यक बिट : (अन्सिला). व्युत्क्रमी व क्वांटम संगणनात मूळ माहितीखेरीज कामापुरता जोडून घेतलेला जादा बिट किंवा क्युबिट. त्याची आरंभीची स्थिती ठाऊक असते. बहुधा ती ० असते.

गरज : साध्या ॲण्ड गेटचे उत्तर ० आले, तर आत ००, ०१ की १० गेले होते हे कळत नाही, तेवढी माहिती पुसली जाते. पुसलेल्या प्रत्येक बिटामागे किमान काही उष्णता बाहेर पडतेच, हे रॉल्फ लॅन्डॉवर यांनी १९६१ मध्ये दाखवले. टोफोली गेटमध्ये काहीच पुसले जात नाही. त्यातील तीन बिटांपैकी पहिले दोन्ही १ असतील तरच तिसरा उलटतो. तिसऱ्या जागी ० असलेला साहाय्यक बिट दिला, की तेथे ॲण्डचे उत्तर मिळते. १ दिला, तर नॅण्डचे.

आवराआवर : आकडेमोडीतील अधलीमधली उत्तरे साहाय्यक बिटांत साचत जातात. अंतिम उत्तर वेगळे उतरवून घ्यावे आणि साऱ्या पायऱ्या उलट क्रमाने करून हे बिट कोरे करावेत, ही रीत चार्ल्स बेनेट यांनी १९७३ मध्ये मांडली. क्वांटम संगणकात ती टाळली, तर साहाय्यक क्युबिट मुख्य क्युबिटांशी गुंतलेला राहून व्यतिकरण बिघडवतो. चार क्युबिट १ असतानाच पाचवा उलटवायचा असेल, तर दोन साहाय्यक घेऊन पाच टोफोली गेट पुरतात : तीन प्रत्यक्ष कामाची, दोन आवराआवरीची.

दोषदुरुस्ती : माहिती धरणारा क्युबिट थेट मोजला, तर त्याची अध्यारोपित स्थिती मोडते. म्हणून शेजारच्या क्युबिटांची समता साहाय्यकावर उतरवून फक्त तोच मोजतात. सरफेस कोड या दोषदुरुस्तीच्या पद्धतीच्या एका छोट्या मांडणीत माहितीच्या ९ क्युबिटांना ८ साहाय्यक लागतात, मोठीत ४९ ना ४८. म्हणजे जवळपास निम्मे यंत्र दोषांवर पहारा देण्यातच गुंतते.

मापन : अनोळखी क्वांटम स्थिती पूर्ण ओळखायला एरवी अनेक स्वतंत्र प्रयोग करावे लागतात. ठाऊक स्थितीतले साहाय्यक जोडल्यास योग्य परिस्थितीत एकच प्रयोग पुरतो, अशी कल्पना २००४ मध्ये पुढे आली. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत (आयसर) टी. एस. महेश व सहकाऱ्यांनी ती अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाने पडताळून २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांच्या प्रयोगांत रेणूंमधील अणुकेंद्रांची परिवलने हेच क्युबिट होते. दोन क्युबिटांची स्थिती ओळखण्यासाठी एक साहाय्यक पुरला. तीन क्युबिटांसाठी दोन घेतले.