गोड पाण्याने उंदीर का मेले?

मागच्या महिन्यात मी तापाने आडवा होतो. चार दिवस जेवण नको, फोन नको, कुणाशी बोलणंही नको. भेटायला आलेला मित्र म्हणाला, "मन घट्ट ठेव रे, शरीर आपोआप बरं होतं." डोकंच फिरलं माझं! पण बरा झाल्यावर वाचायला बसलो आणि थेट पोचलो 1970च्या दशकात, अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात.

तिथे रॉबर्ट एडर नावाचा मानसशास्त्रज्ञ उंदरांना सॅकरिनचं गोड पाणी पाजायचा आणि पाठोपाठ सायक्लोफॉस्फामाइडचं इंजेक्शन द्यायचा. त्याने मळमळतं. पावलॉव्हचा कुत्रा आठवतोय ना? तसंच. गोड पाणी म्हणजे मळमळ, हे उंदरांच्या डोक्यात पक्कं बसलं. मग इंजेक्शन बंद, नुसतं गोड पाणी. उंदीर ते टाळू लागले, इथवर ठीक. पण काही चक्क मरायला लागले! ज्यांच्या पोटात गोड पाणी जास्त गेलं होतं, त्यांच्यात मृत्यूही जास्त.

आता सॅकरिनने काही उंदीर मरत नाही. पण ते इंजेक्शन रोगप्रतिकारशक्तीही दाबतं. मेंदू मळमळीबरोबर हेही शिकला की काय? तेव्हा बहुतेक शास्त्रज्ञ मानायचे, की प्रतिकारशक्ती आपली आपण चालते, मेंदूचा तिथे काय संबंध! एडर त्या विषयातला नव्हता, म्हणूनच त्याला असला प्रश्न पडला असावा. मग त्याने निकोलस कोहेन या इम्युनॉलॉजिस्टला सोबत घेतलं. उंदरांना मेंढीच्या तांबड्या पेशी टोचल्या, गोड पाणी पाजलं, आणि खरंच, अँटिबॉडीज कमी तयार झाल्या. 1975 साली हे छापून आलं, तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली.

वाहतूक उलटीही चालते. जंतू शिरले की प्रतिकार पेशी इंटरल्युकिन-1सारखी रसायनं सोडतात. निरोप रक्तातून आणि व्हेगस नावाच्या नसेतून मेंदूपर्यंत जातो. मग मेंदूच ताप चढवतो, भूक मारतो, आपल्याला अंथरुणात पाडतो. 1988 साली बेंजामिन हार्ट या पशुवैद्याने मांडलं, की आजारी जनावराची ही मरगळ म्हणजे शक्ती वाचवून जंतूंशी लढायची तऱ्हा आहे.

म्हणजे माझं मन खचलं नव्हतं, मेंदू ड्युटीवर होता. आणि एडरच्या उंदरांनी तरी कुठे मन घट्ट किंवा सैल केलं होतं? त्यांच्या नकळतच घडलं सगळं.

मित्राला हा एपिसोड पाठवलाय. ब्लू टिक आली, उत्तर नाही.