लेमूर नावाचं भूत

लेमूर म्हटलं की मादागास्कर आठवतं. उन्हाकडे पोट करून बसलेला, काळ्या-पांढऱ्या कड्यांच्या शेपटीचा प्राणी डोळ्यांसमोर येतो. पण हे नाव आधी त्याचं नव्हतं. ते श्रीलंकेतल्या लोरिस या काटकुळ्या प्राण्याला मिळालं होतं.

1754मध्ये निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनीयसने स्वीडनच्या राजाच्या संग्रहातल्या प्राण्यांची सूची छापली. तीत लोरिसला त्याने ‘लेमूर’ म्हटलं आणि कारणही दिलं: हे रात्री फिरतात, थोडे माणसासारखे दिसतात, सावकाश चालतात. रोमन लोकांच्या लेखी ‘लेमुरेस’ म्हणजे घरात घुटमळणारे मृतात्मे. मे महिन्याच्या 9, 11 आणि 13 तारखेला त्यांची शांत करत. मध्यरात्री घरधनी अनवाणी उठायचा, मागे वळून न पाहता काळ्या कडधान्याचे दाणे टाकत जायचा आणि शेवटी काशाची भांडी वाजवून ‘आता जा’ असं नऊ वेळा विनवायचा. सर्वपित्रीला कावळ्यासाठी पान ठेवणाऱ्या आपल्याला हे अनोळखी वाटणार नाही.

लिनीयसने श्रीलंका कधी पाहिली नव्हती. लोरिस आपल्या दक्षिणेतही आहे; कन्नड मुलखात त्याला ‘काडुपापा’ म्हणतात, म्हणजे रानातलं बाळ. मला हे नाव कितीतरी खरं वाटतं. ते वाटोळे डोळे आणि फांदी घट्ट धरलेला इवलासा पंजा बघून भूत सुचत नाही. अर्थात भीती आपल्याकडेही आहे; जादूटोण्यापायी लोरिस पकडले जातात.

प्राण्यांच्या वर्गीकरणाच्या 1758च्या ग्रंथात लिनीयसने ‘लेमूर’च्या खणात लोरिस, कड्यांच्या शेपटीचा तो मादागास्करचा प्राणी आणि झाडांवरून तरंगत जाणारा कोलुगो असे तिघे कोंबले. कोलुगो तर वानरगणातलाही नाही. पुढे 1796मध्ये फ्रान्सच्या जॉफ्रुआ या प्राणिशास्त्रज्ञाने लोरिसचा वेगळा गट केला. ज्याच्यावरून नाव पडलं तोच बाहेर गेला आणि रातभुताचं नाव राहिलं ते दिवसा हिंडणाऱ्याकडे!

मादागास्करात निशाचर लेमूरही पुष्कळ आहेत, त्यांतला सर्वांत छोटा माऊस लेमूर. 1970च्या दशकाअखेर त्याच्या दोनच जाती मानत: कोरड्या पश्चिमेचा करडा, ओल्या पूर्वेचा तांबूस. पण अंधारात वावरणाऱ्याला रंगाचं काय? हे एकमेकांना ओळखतात ते वासावरून आणि आवाजावरून. त्यातले काही आवाज तर आपल्या कानांना ऐकूही येत नाहीत. म्हणून अभ्यासकांना रात्र रात्र सापळे लावून, दात-कवट्या मोजून आणि पुढे डीएनए तपासून जाती वेगळ्या काढाव्या लागल्या. नावं 25वर गेली. अलीकडच्या फेरतपासणीत त्यातली 19च टिकली. दिलेलं नाव मागे घ्यायची ही तयारी मला नव्या शोधाइतकीच मोलाची वाटते.

त्या नावांतलं एक मला फार प्रिय आहे. 2000मध्ये रोदिन रासोलोआरिसन या मालागासी संशोधकाने सहकाऱ्यांसह पश्चिमेकडच्या माऊस लेमूरांची नव्याने छाननी केली आणि एका जातीला बेर्थ राकोतोसामिमानाना या मालागासी विदुषीचं नाव दिलं. जगातला हा सर्वांत लहान वानरगणी प्राणी: वजन जेमतेम 30 ग्रॅम, पाच रुपयांच्या जुन्या जाड नाण्यांपैकी तीन-चार तळहातावर ठेवावीत इतकं. तो फक्त पश्चिम मादागास्करातल्या मेनाबेच्या पानगळीच्या जंगलात राहतो, आणि ते जंगल मका-भुईमुगासाठी जाळलं जातंय.