चिंचोक्यांची डबी

मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघावयाची आहे, तू व्यायामावर काहीतरी लिही, असे अध्यक्षाबाईंनी सांगितले तेव्हा मला प्रथम हसूच आले. दोन वर्षांमागे माळ्यावरून पापडाचा डबा काढावयाचा झाला तर मी शेजारच्या मुलाला हाक मारीत होते. त्या बाईने व्यायामावर लिहावे! पण मग सासूबाईंची आठवण झाली, आणि त्यांच्या निमित्ताने आपल्याच मुलखातली एक जुनी हकीकत सांगावी असे मनात आले.

आत्याबाईंचे माहेर आटपाडीचे. आज आटपाडी सांगली जिल्ह्यात आहे. त्यांच्या लहानपणी ती औंध संस्थानात होती. संस्थान म्हणजे अवघी 72 गावे, आणि तीही एका जागी नव्हेत. औंध खटावात, आटपाडी माणदेशात, कुंडल खाली किर्लोस्करवाडीजवळ. एवढ्याशा राज्याचे नाव पुढे विलायतेपर्यंत गेले, ते तिथल्या राजाच्या एका छंदामुळे.

भवानराव पंतप्रतिनिधी, लोकांचे बाळासाहेब, यांचा जन्म 1868 चा. 1909 साली ते गादीवर आले. ते कीर्तन करीत, चित्रे काढीत, 1935 साली इंदूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झाले. तरुणपणी सँडो नावाच्या युरोपीय पहिलवानाच्या पद्धतीने त्यांनी कित्येक वर्षे व्यायाम केला होता. त्याला साहित्य लागे. पुढे मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि शेवटपर्यंत त्यांनी ते सोडले नाहीत. नमस्कार ही काही नवी गोष्ट नव्हे. आपल्याकडे पूर्वीपासून घालीतच. बाळासाहेबांनी काय केले, तर त्यांची दहा स्थिती नीट आखून दिली, श्वास कोठे घ्यावा, कोठे सोडावा हे ठरविले, आणि संस्थानातल्या शाळांतून नमस्कार सक्तीचे केले. 1936 साली ते लंडनला गेले तेव्हा तिथल्या एका वर्तमानपत्राच्या लेखिका लुईस मॉर्गन यांनी त्यांची मुलाखत घेतली, आणि 1938 मध्ये त्यांच्याच संपादनाखाली या दहा स्थितींवरचे इंग्रजी पुस्तक लंडनला निघाले.

सक्तीचे काय होते ते आपण जाणतोच. शाळेत मास्तर पाठ फिरवीपर्यंतच गुडघे वाकत, असे आत्याबाई हसून सांगत. राजेसाहेबांचे काही दावेही मला पटत नाहीत. जवळजवळ प्रत्येक दुखण्यावर नमस्कार हाच उपाय, असा त्यांचा सूर असे. पण एका बाबतीत मात्र ते आपल्या काळाच्या फार पुढे होते. तालीम ही पुरुषांची जागा. बाई तिकडे फिरकायचीही नाही. अशा काळात नमस्कार बायकांनीही घालावेत असा त्यांचा आग्रह होता, आणि त्यांच्या घरी राणीसाहेब स्वतः घालीत. त्याला ना आखाडा लागतो, ना पैसा. एका घोंगडीएवढी जागा पुरते, आणि दार लावले की कोणी बघत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी निघतो. पूर्वीच्या बायका पहाटे जात्यावर बसत, विहिरीवरून पाणी आणीत, शेतात राबत. त्यांना वेगळा व्यायाम कशाला? मीही नवी सून असताना आत्याबाईंना हेच विचारले होते. मेढ्याच्या या घरात दिवसभर खपून पुन्हा हे दंड कशाला काढायचे? त्या म्हणाल्या, "अगं, दळान किती दळायचं ते घरातली तोंडं ठरवत्यात. नमस्कार किती घालायचं, ते मी ठरवती."

त्यांची एक पितळी डबी होती. तीत चिंचोके. सकाळी डबी पालथी करायची, एका नमस्काराला एक चिंचोका आत टाकायचा. आठवडाभर तेवढे सहज जमले, की पुढच्या सोमवारी एक चिंचोका वाढायचा. नाही जमले तर वाढायचा नाही, पण काढायचाही नाही. एवढाच त्यांचा नियम. सत्तरीतही त्यांची डबी पंचवीसची होती. मी मात्र चार दिवस घातले आणि सोडून दिले.

हा एकेक चिंचोका वाढविण्याचा हिशेब किती लांब जातो, हे मला आपल्याच जिल्ह्यातल्या एका मुलीमुळे कळले. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर. 1989 चा जन्म, दुष्काळी मुलूख. शाळेत खो-खो खेळता खेळता ती धावण्याकडे वळली आणि पुढे मुंबईची मॅरेथॉन गाजवून आली. तिथेच समाधान मानती तरी कोणी नाव ठेवले नसते. पण तिने 3,000 मीटरची अडथळ्यांची शर्यत धरली. या शर्यतीत 28 वेळा अडथळा ओलांडायचा आणि वर 7 वेळा पाण्यावरची उडी. 2014 च्या आशियाई स्पर्धेत तिला 9 मिनिटे 35 सेकंद लागले व कांस्यपदक मिळाले. 2015 साली वुहानला 9 मिनिटे 34, आणि सुवर्णपदक. त्याच वर्षी बीजिंगला 9 मिनिटे 27. ऑगस्ट 2016 मध्ये रिओच्या ऑलिंपिकमध्ये प्राथमिक फेरीत 9 मिनिटे 19.76 सेकंद! 1984 साली पी. टी. उषा अंतिम फेरीत धावली होती. त्यानंतर 32 वर्षांनी ऑलिंपिकच्या धावपट्टीवर अंतिम फेरीत पोहोचणारी भारतीय स्त्री ही आपली माणदेशी मुलगी. अंतिम फेरीत तिचा दहावा क्रमांक आला. तिचा तो राष्ट्रीय विक्रम 2023 मध्ये पारुल चौधरीने मोडला, आणि ते योग्यच झाले. दोन वर्षांत सोळा सेकंद. पदके सगळ्यांच्या लक्षात राहतात. मला मात्र हे सोळा सेकंद मोजावेसे वाटतात.

माझे स्वतःचे सांगते. गुडघे धरले होते. एका दवाखान्यात मला सांगितले, "आता वय झाले, जिने चढू नका, बसून राहा." मी ते मुकाट्याने ऐकले, किंबहुना थोडे बरेच वाटले. आपल्याकडून कोणी काही मागणार नाही, यात सुख असते. वर्षभरात मला पाटावरून उठताना हाताचा आधार लागू लागला. एक दिवस कपाट आवरताना ती पितळी डबी सापडली. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंना दाखविले. त्यांनी पाय तपासले, मांड्यांना बळ यावे म्हणून खुर्चीवर बसून करण्याचे प्रकार शिकविले, आणि तीन महिन्यांनी भिंतीला हात टेकून अर्धा नमस्कार घालण्यास मुभा दिली. पहिल्या दिवशी डबीत दोन चिंचोके पडले. पुरे साष्टांग घालावयास मला आठ महिने लागले.

आता मंडळाच्या खोलीत सकाळी आम्ही नऊजणी असतो. प्रत्येकीची डबी वेगळी, आणि दुसरीच्या डबीत डोकावायचे नाही असा ठराव आहे (तो पाळला जातोच असे नाही). येत्या श्रावणात मेरुलिंगाचा डोंगर पायी चढून जाण्याचे त्यांनी ठरविले आहे. मी अजून होकार दिलेला नाही. माझ्या डबीत सध्या अकरा आहेत, आणि श्रावणाला अजून पाच सोमवार बाकी आहेत.